सासऱ्यांचे गाल

तयारी या गोष्टीवर माझ्या सासऱ्यांइतका विश्वास असलेला माणूस यमुनेच्या दोन्ही काठांवर मिळायचा नाही. उद्या दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर साबुदाणा वडा खायला जायचं असेल, तर ते आज एकटे मेट्रोने जाऊन रस्ता बघून येतात. वडा मात्र खात नाहीत, तो उद्याचा. नोकरी केंद्र सरकारात झाली, संसार आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. आता आमच्याकडे गाझियाबादला असतात, पण हातात छापील कागद आला की त्यांची पाठ अजून ताठ होते.

गेल्या डिसेंबरात बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला स्वयंपाकघरात गाठलं, दार लोटलं आणि विचारलं, "अगं, गालाखालची कातडी मशिनने घट्ट करतात म्हणे. सुई नाही, चिरफाड नाही. खरं का?" माझी तव्यावरची पोळी करपली. या माणसाने उभ्या जन्मात तोंडाला साबणापलीकडे काही लावलेलं नव्हतं! मग कारण कळलं. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भीतीपोटी त्यांनी सहा वर्षं चालढकल केली होती आणि आता कुठे एका डोळ्याच्या ऑपरेशनची जानेवारीअखेरची तारीख ठरली होती. "तिने मला नीट बघितल्याला सहा वर्षं झाली," बाबा म्हणाले. "मधल्या काळात गाल खाली आलेत. तिला अजून कळवलेलं नाही."

गाल घट्ट करणाऱ्या क्लिनिकने पूर्वतयारीचा एक कागद दिला. बाबांनी तो भरपूर डिंक लावून कपाटाच्या दारावर चिकटवला आणि रोज सकाळी समोर उभं राहून वाचला. सासूबाईंना तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ऊन टाळा, असं त्यात होतं. दिल्लीच्या जानेवारीत! अख्खी सोसायटी उन्हाच्या तुकड्यासाठी खुर्च्या ओढत फिरत असताना आमचे बाबा काळी छत्री उघडून पार्कात फेऱ्या मारायचे. मित्र ओरडायचे, "भाईसाहब, बारिश हो रही है क्या?" बाबा म्हणायचे, "होनेवाली है," आणि पुढे जायचे. पाणी भरपूर प्या म्हटल्यावर मोबाइलला तासातासाचा गजर लागला. क्लिनिकच्या फॉर्ममध्ये 'पूर्वी चेहऱ्यावर काही केलं आहे का' या रकान्यात त्यांनी लिहिलं: होय, एकदा, गणेशोत्सवाच्या नाटकात नकली मिशी. डॉक्टरीणबाईंनी ते गंभीरपणे वाचलं. "अंकल, कोई रिएक्शन हुआ था?"

"हां जी. तालियां बजी थीं."

ऑपरेशनच्या दहा दिवस आधी ते मशिन त्यांच्या गालांवरून फिरलं. चार दिवस बाबांनी आरशासमोर काढले. गाल होते तिथेच. शेवटी मी क्लिनिकला फोन केला. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, मॅडम, कागदाच्या मागच्या बाजूला सगळं लिहिलंय. मागची बाजू कपाटाला चिकटलेली होती.

बाबांनी नखाने कागदाचा कोपरा उचकटून बघितला, तो निघेना. मग अगदी साळसूदपणे म्हणाले, "ऑपरेशनची तारीख एप्रिलमध्ये नेता येईल का?"

"बाबा, कमाल करता हं तुम्ही!" मी चिडलेच. ते आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चहा ओतत होत्या. कप भरला की नाही ते कळावं म्हणून त्यांनी कडेला बोट धरलं होतं आणि ते पोळत होतं. बाबा दारात उभं राहून बघत होते. रोजच बघत असणार. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तारीख आहे तीच राहू दे."

डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा बाबा माझ्या मागे उभे होते. सासूबाईंनी आधी भिंत बघितली, मग मला बघितलं आणि विचारलं, "हे कुठायत?" बाबा पुढे झाले. दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा. तयारी पूर्ण होती. त्या बघतच राहिल्या. मग हात पुढे करून त्यांनी बाबांचा लोंबता गाल तळव्यात धरला.

"किती म्हातारे झालात हो," त्या म्हणाल्या. "आणि मी नव्हतेच बघायला."

त्यांचे डोळे भरले तसे बाबा एकदम घाबरले. "रडू नकोस, रडू नकोस, डोळ्याला त्रास होईल," ते म्हणत राहिले आणि स्वतःच रडायला लागले. मी नर्सला शोधायच्या निमित्ताने बाहेर आले.

एप्रिल येऊन गेला. गालांत थोडा फरक आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. आम्हाला काही दिसत नाही. सासूबाई मात्र हातातलं काम टाकून बाबांकडे बघत बसतात, आणि ते बघू देतात.