डिंफ्नाच्या खिशातली पिन

आमच्या आयर्लंडातल्या मोनॅहनच्या टेकड्यांत सपाट म्हणावं असं फक्त चर्चचं आवार आहे. बाकी सगळं उतारावर. गाई उतारावर, घरं उतारावर, आणि माणसंही बोलायला लागली की थोडी तिरकीच. अशा मुलखात ट्रॅक्टरच्या मागे वजन उचलायचं म्हणजे ते दोन लोखंडी हातांवर आणि वरच्या एका दांड्यावर तोललेलं असतं. त्या तिघांची निगा आमच्या भागात एकच व्यक्ती मनापासून राखते. ती डिंफ्ना मॅकार्डल. आणि आम्ही कुणी राखत नाही, हे ती आम्हाला भेटेल तिथे ऐकवते, अगदी अंत्ययात्रेतसुद्धा.

वय एकोणसाठ. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणते, एका पुरुषाच्या मागे फिरण्यापेक्षा दहा ट्रॅक्टरांच्या मागे फिरणं बरं, निदान त्यांना ग्रीस दिलं की कुरकुर थांबते. वडिलांच्या मागे वर्कशॉप तिनेच चालवलं. गवताची कापणी आली की आसपासचे ट्रॅक्टर तिच्या अंगणात उभे राहतात. तिची पद्धत ठरलेली. आधी चिंधीने जुनं काळं ग्रीस पुसायचं, कारण त्यात वाळू असते आणि ती लोखंड खाते. मग ते लोखंडी हात मागच्या अवजाराच्या खुंट्यांवरून काढायचे, टोकांचे गोळे साफ करायचे, नवं ग्रीस भरायचं, हात परत चढवायचे आणि पुढे पिन अडकवायची. ही पिन बोटाएवढी. पण तिच्याशिवाय हात खुंटीवर नुसता बसलेला असतो, धरलेला नसतो. म्हणून डिंफ्ना पिना कधी गवतात ठेवत नाही. काढली की खिशात, हा तिचा नियम.

मागच्या जूनमध्ये फेलिम रूनीच्या गवताला आम्ही सगळे जमलो होतो. आमच्याकडे गवत कुणा एकाचं नसतं. आज त्याचं, उद्या माझं, सगळ्यांनी सगळीकडे जायचं. दुपारी तीननंतर पाऊस सांगितला होता. फेलिम सकाळी आठला डिंफ्नाकडे गेला तो घाई घेऊनच. तिने ग्रीस भरायला घेतलं आणि हा डोक्यावर उभा. म्हणाला, तुझं पुसणं होईपर्यंत गवत पुन्हा उगवेल. ती म्हणाली, तुझ्या बापाने हा ट्रॅक्टर वीस वर्षं जपला, तू तीन वर्षांत त्याचं भंगार केलंस. दोघांचं जुंपलं. शेवटी फेलिम तणतणत ट्रॅक्टर घेऊन निघून गेला आणि ती त्याच्या पाठमोऱ्या धुराला बोलत राहिली.

अकराच्या सुमाराला फेलिमच्या बायकोने, उनाने, मला डिंफ्नाची मोठी किटली आणायला पाठवलं. मी दारात उभा होतो. डिंफ्ना हात धुऊन आली, रुमाल काढायला खिशात हात घातला आणि तिच्या हातात पिन आली.

तिने ती वळवून पाहिली. मी आजवर त्या बाईचा चेहरा रागाने लाल झालेला शंभरदा पाहिला असेल, पांढरा पडलेला कधी पाहिला नव्हता.

"फेलिमच्या ट्रॅक्टरची, उजव्या हाताची," ती म्हणाली. "मॅलकी, गाडी काढ."

मी किटली तिथेच टाकली. गाडीत बसता बसता तिने फेलिमला फोन लावला. त्याने कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. आणि मला कळेना तिला काय सांगावं, कारण आम्ही सगळेच तसं करतो. पडद्यावर डिंफ्नाचं नाव आलं की आपण काहीतरी विसरलोय आणि आता शिव्या बसणार, हे ठरलेलं. माझा फोन मी तिच्या मांडीवर टाकला.

फेलिमने माझा लगेच उचलला. इंजिनाचा आवाज येत होता. तो हसत म्हणाला, "काय रे, किटलीबरोबर लग्न लावून घेतलंस की काय?"

"मी बोलतेय," डिंफ्ना म्हणाली.

"झालं. आता काय विसरलो मी?"

"तू नाही. मी विसरले."

हे शब्द त्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो आणि फेलिमही.

"जिथे आहेस तिथे थांब. हळू थांब. गवताची गासडी उचललेली आहे का?"

"आहे."

"खाली ठेवू नकोस. वर नको, खाली नको, लिव्हरला हातच लावू नकोस. उजव्या हाताला पिन नाही."

आम्ही पोचलो तेव्हा तो टेकडीच्या कुशीवर आडवा उभा होता. मागे सुळ्यांवर खोचलेली सहाशे किलोची गोल गासडी, सपाट तोंड नव्हे तर गोल कूस उताराकडे असलेली, म्हणजे सुटली तर थेट गडगडत खाली. आणि खाली फाटकापाशी उना, तिच्या दोघी जावा, म्हातारा बेनी आणि बाकीचे गडी गवतात बसून पाव आणि हॅम खात होते. मी दोन्ही हात हलवून बाजूला व्हा म्हणून खुणावलं. त्यांनी कप उंचावून उत्तर दिलं.

ट्रॅक्टरचा उजवा हात उताराच्या बाजूला होता. डिंफ्ना वाकून बघायला गेली, मीही गेलो. गोळा खुंटीवरून जवळजवळ सगळा बाहेर आला होता. बोटाच्या एका पेराएवढा उरला असेल. तीन तास उतारावर डुलून डुलून तो सरकत आला होता, आणि सरकायला त्याला काही अडलं नव्हतं, कारण डिंफ्नाने सकाळीच इतकं चोख ग्रीस भरलं होतं. जुना गंजका असता तर कदाचित तिथेच चिकटून राहिला असता. हे तिलाही कळलं. ती त्या चकचकीत ग्रीसकडे बघत राहिली.

"मॅलकी, तू खाली जा आणि त्यांना हलव," ती म्हणाली.

"आणि हात आत ढकलायला पहार कोण धरणार?"

फेलिमने केबिनमधून पहार दिली. गासडीच्या खालच्या अंगाला उभं राहायचं, तिथे दुसरी जागाच नव्हती. मी पहारेचं टोक लोखंडी हाताच्या बाहेरून घातलं आणि चाकाच्या कडेवर टेका घेतला. डिंफ्ना माझ्या आणि गासडीच्या मधे, तिचं डोकं गासडीखाली. मी जोर लावला. काहीच हललं नाही. पुन्हा लावला, तेव्हा गासडी एकदा कुरकुरली आणि मी खरं सांगतो, मला पळून जावंसं वाटलं.

"हळू," ती म्हणाली. "तुझ्या गाढवाला ढकलतोस तसं नको. दाबत राहा."

माझ्याकडे गाढव नाही, बायको आहे, आणि एरवी मी उत्तर दिलं असतं. मी दाबत राहिलो. गोळा इंचाइंचाने आत गेला, खुंटीचं भोक दिसलं आणि तिने पिन घातली. तिची कडी खटकन बसल्याचा आवाज आला. मग डिंफ्ना चार पावलं वर चढली आणि मटकन खाली बसली. तिने दोन्ही हात काखेत दाबून धरले.

फेलिम खाली उतरला. त्याचाही चेहरा बघवत नव्हता. तो म्हणाला, खाली कुणाला काही सांगायचं नाही, मी म्हणतो इंजिन गरम झालं होतं. सकाळी भांडलेला माणूस तिची अब्रू झाकायला निघाला होता, आणि मला तो तेवढ्यापुरता फार आवडला.

"तू निघताना मागे बघितलं नाहीस?" तिने विचारलं.

"नाही."

"का?"

"तू केलेलं होतंस ना," फेलिम म्हणाला. "तू केल्यावर कोण बघतं?"

डिंफ्ना उठली आणि आमच्यापैकी कुणाची वाट न बघता सरळ उतार उतरून फाटकाकडे गेली. उनाने पुढे केलेला कप तिने घेतला नाही. ती सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, "सकाळी फेलिमच्या ट्रॅक्टरची पिन लावायला मी विसरले. माझ्या खिशात राहिली. आत्ता ती गासडी तुमच्या अंगावर येणार होती."

बेनी म्हणाला, अगं, होतं कधीतरी. ती म्हणाली, कधीतरी एकदाच होतं, म्हणून तर बघायचं. माझा हात फिरला म्हणून बघायचं सोडू नका. आज तुमच्यापैकी कुणी स्वतःच्या ट्रॅक्टरच्या मागे वाकून बघितलंय का?

मग बेनीच्या मुलाने कप गवतात ठेवला आणि तो त्याच्या ट्रॅक्टरकडे गेला. त्याच्यामागून दुसरा गेला. मी सगळ्यांत शेवटी गेलो, कारण मला बघायची गरज नव्हती. तिची बोलणी नकोत म्हणून गेली दोन वर्षं मी माझा ट्रॅक्टर तिच्याकडे नेलाच नव्हता. माझ्या ट्रॅक्टरच्या डाव्या हाताला पिन नव्हतीच. कुंपणाच्या तारेचा तुकडा पिळून मीच दोन वर्षांपूर्वी तिथे अडकवला होता, आणि त्या तारेवर सकाळपासून मी त्याच फाटकाच्या वरून अकरा गासड्या नेल्या होत्या.