समुद्रकाकडीच्या पोटाखालचा खेकडा

दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशीही शांतावहिनीनं माझ्यापुढे मोबाइलच धरला. चौथ्या दिवशी ती गेली. महिना होत आला.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको, पवनीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता, पण उजेड पोचत नाही अशा खोल तळावर हळूहळू चालणाऱ्या समुद्रकाकड्यांचं तिला भारी वेड; रोज मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ लावून मलाही दाखवायची. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, याची कोशिंबीर होते का? आठ दिवस हसत होती बाई. काकडी कसली, चिखल खाऊन जगणारा गुबगुबीत जीव तो. त्या उघड्या तळावर लपायला दगड नसतो, म्हणून इवलासा खेकडा तिच्या पोटाखाली आसरा घेतो. आसरा म्हटलं की मला झोंबायचं. नवऱ्याचं घर सोडून मी दादाकडे आले त्याला बारा वर्षं झाली. दादा गेला, तरी मी राहिलेच.

एकदा चिडून म्हटलं, "केकड्याचं कौतुक नको सांगू मले. धानाच्या बांधीत पाह्य, ज्या मातीच्या धुऱ्यात राह्यते तोच पोखरते. सारं पानी वाहून जाते."

"हा पोखरत नाही वं. उलट तिच्या आंगावरचे किडे खात असन, असं म्हनते. पक्कं कोनालेच माहीत नाही."

"अन् काकडी मेली की हा कुठं जाते?"

"ते बी पाहा लागन…" म्हणाली, आणि पुन्हा मोबाइलमध्ये शिरली.

वहिनीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या सकाळी मी कपडे भरायला घेतले. वहिनीची सून प्रज्ञा दारात आली.

"आत्याबाई, काहून भरून राहिल्या?"

"आता कोनाच्या जिवावर राहू?"

ती पलंगावर बसली. "तुमी आल्या तवा बाबा आजारी होते. घरी पाहाले कोनी नाही म्हनून आई नोकरी सोडनार होत्या. राजीनामा लिहूनसुद्धा ठेवला होता. तुमी आल्या, अन् त्यांनी तो फाडला."

बारा वर्षं मी या घरात खाली मान घालून जेवले. खरं सांगते, वहिनीचा रागच आला मला.

"मंग मले काहून नाही सांगितलं तिनं?"

"सांगत तं होत्या, आत्याबाई. रोज मोबाइल दाखवून."