रक्त पाहिजे, खाली नंबर

कॉलेज संपलं, पण आमच्या वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काही संपला नाही. सोमाटण्याला चहाला भेटलो की कुणीतरी फोन काढून जुने मेसेज वर सरकवतं आणि एका किश्श्यातून दुसरा निघतो. हसायचे हल्ली कमी निघतात, एवढं खरं.

ग्रुपचं न्यायखातं प्रशांतकडे. हा नवलाख उंबरे गावचा. जगात प्रत्येकाला लायकीप्रमाणे मिळतं, हे त्याचं ठाम मत. एकाची सॅक लोणावळा स्टेशनवर चोरीला गेली, त्यानं ग्रुपवर नोट्स मागितल्या. प्रशांतनं लिहिलं, "झोपला असशील." त्याला धडाधड अंगठे पडले. नोट्स पाठवल्या फक्त कुसगावच्या मनीषानं.

*

पुढे मनीषाच अडकली. ऑनलाइन तोंडी परीक्षा आणि घरचं नेट बंद. कसाबसा एक मेसेज गेला, "सरांना कुणी सांगाल का?" सगळ्यांनी वाचला. सरांना कुणीच सांगितलं नाही.

नंतर तिनं एकेकाला विचारलं. प्रत्येकाचं उत्तर, "मला वाटलं, कुणीतरी सांगितलं असेल."

"शब्द पण तेच रे," ती म्हणाली. "मला भीतीच वाटायला लागली."

*

वर्गात एक अबोल मुलगी होती. ग्रुपवर कधी अक्षर नाही. एका सकाळी तिचा मेसेज आला, "कुणी आहे का?" आम्ही उत्तर देईपर्यंत डिलीट झाला.

बरेच दिवस ती आली नाही. आली तेव्हा विचारलं, तर म्हणाली, "मी नाही केला मेसेज." तिनं फोन पुढे धरला. आमच्या सगळ्यांच्या फोनवर डिलीटची खूण होती. तिच्या फोनवर तीही नव्हती.

*

मग जुन्या हायवेवरच्या अपघाताचा फोटो फिरत आला. प्रशांतनं लगेच लिहिलं, "हेल्मेट नसेल घातलं."

बाइकचा नंबर नंतर त्याच्या लक्षात आला. त्याचीच बाइक. चुलतभाऊ घेऊन गेला होता. हेल्मेट होतं म्हणूनच पोरगा वाचला. ट्रक उलट्या बाजूनं आला होता.

प्रशांत दवाखान्यात धावला. इकडे त्याच्या वाक्याला संध्याकाळपर्यंत लाइक पडत राहिले.

*

त्यानंतर रक्ताचा मेसेज आला. तळेगावच्या एका दवाखान्यात तरुण पेशंट, तातडीनं रक्त पाहिजे, खाली नंबर. रक्तगट प्रशांतचाच. या वेळी त्यानं ग्रुपवर काही लिहिलं नाही, सरळ फोन लावला. पलीकडून म्हातारा आवाज आला, "व्हय, लागतंय. या."

मला मागे बसवून तो निघाला. लख्ख दुपार होती. दवाखान्यात जिन्यापाशी बाकावर एक आबा बसले होते. त्यांनी प्रशांतला शेजारी बसवलं.

"जरा आदी यायला पायजे व्हतं. आत्ताच गेला."

प्रशांतचा चेहरा उतरला. "आबा, झालं काय होतं त्याला?"

"काय न्हाई. रस्त्याच्या कडंला उबा व्हता."

"मग?"

"मग काय. उबा व्हता."

मी काउंटरवरच्या नर्सकडे गेलो. ती हळूच म्हणाली, "तुम्हालाही आला का तो मेसेज? त्यांचा मुलगा जाऊन वर्ष उलटलं. मेसेज फिरतोच आहे. कुणाचा फोन आला की आबा इथं येऊन बसतात."

वळून बघितलं, तर प्रशांत बाही वर सारून बसला होता. आबा त्याच्या दंडावर बोटं फिरवत शीर चाचपत होते.

"हाय रगात," ते समाधानानं म्हणाले. "चल वर. पोरगा वाट बगत आसंल."

प्रशांत उठला आणि माझ्याकडे न बघता त्यांच्यामागून जिना चढू लागला.