दादांच्या स्पीकरवरचं ब्लेड

भावजींनी सख्ख्या थोरल्या भावाच्या स्पीकरवर ब्लेड चालवलं, ही गोष्ट आमच्या गल्लीत कुणी मोठ्याने बोलत नसे. कुजबुजत मात्र सगळे. दादांच्या रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी, पोटात दुखत होतं म्हणून, कुणाचं लक्ष नाही असं बघून, सर्रकन! समोरची शिंपीणबाई हे सांगताना हातातली कात्री हवेत अशी फिरवायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई तिथे दिवा धरूनच उभी होती. खरं तर त्या वेळी ती या गल्लीत राहायलाही आली नव्हती. पण उशिरा आलेल्यांनाच अशा गोष्टींचा तपशील जास्त ठाऊक असतो.

भावजी खरे एकट्या वहिनींचेच. पण वहिनींचा आवाज असा, की वरून "भावजीऽऽ, जेवण गार होतंय" अशी हाक आली की कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकायचा. रोज ऐकून ऐकून सगळी गल्लीच त्यांना भावजी म्हणू लागली. खाली त्यांचं रेडिओ, पंखे, मिक्सर दुरुस्तीचं दुकान, वर दादा-वहिनींचं घर, मध्ये लाकडी जिना. भावजींनी लग्न केलं नाही. का केलं नाही, याची शिंपीणबाईकडे निरनिराळी उत्तरं होती आणि समोर कोण बसलंय ते पाहून ती त्यातलं एक काढायची.

जेवायला भावजी वर जात. तिघं एका टेबलाशी बसत, आणि दोघे भाऊ एकमेकांशी वहिनींमार्फत बोलत.

"त्याला म्हणावं, मीठ दे."

"भावजी, मीठ द्या म्हणतायत."

"मीठ त्याच्या कोपराजवळच आहे म्हणावं."

"अहो, तुमच्या कोपराजवळ आहे."

एकदा वहिनींनी वैतागून दोन्ही कानांत कापूस घातला. त्या दिवशी दोघेही अळणी जेवून उठले.

हे सगळं सुरू झालं ते एका वाद्यापायी. दादा दिवसा छापखान्यात खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये ऑर्केस्ट्रात पेडल स्टील गिटार वाजवायचे. ही गिटार छातीशी धरायची नसते. चार पायांवर ठेवलेलं लांबट टेबलच ते. वर तारा ताणलेल्या, खाली पावलांनी दाबायचे पेडल, गुडघ्यांनी ढकलायच्या पट्ट्या. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, उजव्याने तारा छेडायच्या, आणि एक पाय कायम आवाज चढवण्या-उतरवण्यात गुंतलेला. माणसाचा एकही अवयव रिकामा राहत नाही. शेजारी नव्याने आलेल्या एका सूनबाईंनी त्याला इस्त्रीचं टेबल समजून वहिनींकडे तासाभरासाठी उसनं मागितलं होतं.

भावजी दादांचा अ‍ॅम्प्लिफायर सांभाळायचे. वाजवायचेही थोडंफार. रेकॉर्ड निघायची ठरली तेव्हा दुसऱ्या गिटारीवर आपल्याला बसवतील असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. दादांनी दुसऱ्यालाच बसवलं. त्यावरून दोघांचं हॉटेलच्या मुदपाकखान्यात, आचाऱ्यांसमोर, चांगलं वाजलं. आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी दादांनी पहिली तार छेडली, तर अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज आला फाटका, खरखरीत, घसा बसलेल्या माणसाने रडू आवरून गावं तसा.

थांबायला सवड नव्हती. संतापलेल्या दादांनी तसंच वाजवलं. आणि नेमकी ती रेकॉर्ड गाजली! ज्याच्या त्याच्या तोंडी, "तो मधला फाटका तुकडा ऐकलात का?" दादांनी तोवर स्पीकरपुढच्या काळ्या कपड्यामागे बोट घालून चाचपलं होतं, स्पीकरचा आवाज काढणारा कागदी पडदा कडेने फाटलेला लागला होता, आणि उलटून न बघता त्यांनी तो स्पीकर भंगारवाल्याच्या गाडीवर फेकला होता. नवा स्पीकर गोड वाजायचा. लोकांना गोड नको होतं. ते पुढच्या रांगेत बसून विचारायचे, "तो आवाज कुठंय?"

भावजींच्या शर्टाच्या खिशात तारेचं प्लास्टिक सोलायला अर्धं ब्लेड कायम असायचं. आणखी पुरावा कशाला हवा?

"मी नाही केलं, दादा."

"मग कुणी केलं?"

भावजींनी अ‍ॅम्प्लिफायरची वायर गुंडाळायला घेतली. दादा एवढंच म्हणाले, "लोक आता माझा हात ऐकायला येत नाहीत. तुझं ब्लेड ऐकायला येतात." ते दोघांमधलं शेवटचं सरळ बोलणं. पुढे ऑर्केस्ट्रा मोडला, हॉटेलचा हॉल फर्निचरवाल्याने घेतला, केस पिकले. मीठ मात्र वहिनींच्या हातूनच फिरत राहिलं.

मग एके दिवशी दुपारी वहिनी दुकानात उतरल्या. हाक न मारता उतरल्या, तेव्हाच भावजींनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"यांचा उजवा कान गेलाच," वहिनी म्हणाल्या. "डावाही फार दिवस टिकणार नाही म्हणाले डॉक्टर."

भावजींनी खाली ठेवलेला स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा उचलला. त्यांच्या मनात आधी काय आलं असेल? दादांचे कान मिटले, की आपलं म्हणणं दादांपर्यंत पोचवायची वाटच मिटली. इतकी वर्षं, कधीतरी सांगू, कधीतरी पटेल, असं म्हणत त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं. गिऱ्हाईक विसरून गेलेल्या रेडिओसारखं.

"ती रेकॉर्ड लावून बसतात हल्ली," वहिनी म्हणाल्या. "इतकी झिजलीय की नुसती भजी तळल्यासारखी वाजते. तो तुकडा आला की डावा कान पुढे करतात. मागणार नाहीत ते, पण त्यांना तो आवाज हवाय. तुम्हीच बिघडवला होतात ना, तुम्हीच पुन्हा बिघडवून द्या."

"वहिनी, मी नव्हता बिघडवला."

"बरं, नव्हता. मग आता बिघडवा."

अ‍ॅम्प्लिफायर ठेवायचा कुठे, यावर वर आणि खाली बराच निरोपांचा व्यवहार झाला. दादा दुकानात उतरायला तयार नव्हते, भावजी कामासाठी वर जायला तयार नव्हते. शेवटी जिना जिथे वळतो तिथल्या चौकोनात तो ठेवला. वर दादांनी वाद्यावरच्या घड्या घातलेल्या चादरी काढल्या आणि दार उघडं ठेवून बसले. खाली भावजी. मध्ये वहिनी, कठड्याला टेकून.

आधी भावजींनी आवाज फाडायची तयार डबी आणली. हल्ली मिळते तशी, पायाने दाबायची. दादांनी वाजवलं. वरून काही पुटपुटणं ऐकू आलं.

"हे म्हणतायत, डास झालेत घरात."

मग भावजींनी डबी उघडून आत जुने ट्रान्झिस्टर बसवले, मरायला टेकलेली बॅटरी घातली. एका तारेवर आवाज बरा लागला. पण दादांनी दोन तारा एकदम छेडल्या, गुडघ्याने त्यातली एक वर ओढली, आणि सगळ्याचा चिखल झाला.

"ओकारी आली म्हणतायत."

"वाद्याला की त्याला?"

"दोघांना म्हणतायत."

रेकॉर्डमध्ये दोन तारा एकमेकींना घासत वर चढायच्या, तरी दोन्ही वेगळ्या ऐकू यायच्या. भावजींना तो तुकडा पाठ होता. दादांपेक्षाही जास्त, असं म्हटलं तरी चालेल. त्यांनी तो इतकी वर्षं आरोपीसारखा ऐकला होता. डबीतून तो येणार नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. फाटायला हवा तो कागदच. आणि नेमकं तेच ते टाळत होते. ज्या कामाचा आळ अंगावर घेऊन म्हातारपण आलं, ते काम आता स्वतःच्या हाताने, भर उजेडात करायचं?

केलं. दुकानाच्या दारात, उन्हाकडे तोंड करून एक जुना स्पीकर मांडीवर घेतला आणि खिशातलं ब्लेड काढलं. समोरून शिंपीणबाईने मशीन थांबवलं.

"हात सरावलेला दिसतोय हो, भावजी!"

"जवळ या. तुमच्या जिभेलाही जरा धार लावून देतो."

"नको बाई, आहे ती पुरते."

कागद कडेने चिरून त्यांनी स्पीकर जिन्यात नेऊन बसवला. दादांनी कांडी सरकवली. तारेला अडकलेला पतंग वाऱ्यात फडफडावा तसा आवाज आला. दादा मध्येच थांबले.

"तसंच मारलंय का, विचारतायत," वहिनी म्हणाल्या.

"तसंच म्हणजे कसं?" भावजींचा आवाज चढला. "तसं म्हणजे कसं, हे मला काय माहीत? मी मारलं असतं तर माहीत असतं!"

हा निरोप वहिनींना पोचवावा लागला नाही. जिना अरुंद होता आणि डावा कान अजून शाबूत होता.

वर पोलादी कांडी खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग दादांचा आवाज आला, "त्याला म्हणावं, आडवं मारून बघ." आडवं मारून झालं. मध्यभागी मारून झालं. तिरकं झालं. प्रत्येक वेळी फडफड. दादा न कंटाळता वाजवत होते, आणि दर खेपेला तोच तुकडा आदल्या खेपेपेक्षा हळू सुरू करत होते. स्पीकर तपासणाऱ्याची ती पद्धत नव्हे. माणूस स्वतःची उलटतपासणी करतो, तेव्हा असं चालतं.

"पुरे म्हणतायत," वहिनींनी शेवटी सांगितलं. जरा थांबून स्वतःचं म्हणून जोडलं, "डोळे पुसतायत हो. मी बघितलं नाही असं दाखवलं."

भावजींनी चिरलेला स्पीकर काढून दुकानात आणला. टाकवेना. जुन्या सवयीने त्यांनी कणकेची खळ शिजवली, विरलेल्या मलमलीच्या पट्ट्या त्यात भिजवल्या आणि सगळ्या चिरा बुजवल्या. कडेला जरा जास्तच माखलं, आणि वाळायला म्हणून स्पीकर फळीवर ठेवून दिला.

सकाळी बघतात तर कडेची मलमल गायब, खळ गायब, आणि तिच्याबरोबर कागदाची कडही कुरतडून गेलेली. फळीवर लेंड्या. भावजींनी उंदराच्या खानदानाचा उद्धार केला आणि स्पीकर उचलताना कागदावर सहज टिचकी मारली.

खर्र.

त्यांनी कान कागदाजवळ नेला. पुन्हा टिचकी मारली. मग स्पीकर पोटाशी धरून जिना चढले, चौकोनात बसून तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसवला, तारा जोडल्या, आणि वहिनींना न सांगता वर ओरडले, "दादा, वाजव!"

दादांनी वाजवलं.

घसा बसलेला तो माणूस परत आला होता. दोन तारा एकमेकींना घासत, खरखरत, पण वेगळ्या राहून वर चढल्या. समोर शिंपीणबाईचं मशीन थांबलं. तुकडा संपला, शेवटचा सूर दादांनी पायाने हळूहळू उतरवला, आणि मग जिन्यावर पावलं वाजली. एक एक पायरी धरत दादा चौकोनापर्यंत उतरले. खाली बसले. काळ्या कपड्यामागे बोट घालून कड चाचपली, अगदी त्या दिवशीसारखी, आणि बोट तिथेच ठेवून भावजींकडे बघितलं.

"काय झालंय याला?"

वहिनींनी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं.

"उंदीर," भावजी म्हणाले. "खळ लावली होती कडेला. ती खाल्ली."

"आणि तेव्हा?"

भावजींनी तोंडावरून हात फिरवला. "तेव्हाही लावली होती रे. रेकॉर्डिंगच्या आधी कागद जुना होऊन कडेला चीर गेलेली दिसली. भांडण झालं होतं, तरी म्हटलं, आपण नीट करून ठेवू. आणि अ‍ॅम्प्लिफायर ठेवला मुदपाकखान्याच्या बाजूला."

"मला बोलला का नाहीस चिरलाय म्हणून?"

"घाबरला असतास. तुझा हात थरथरतो घाबरलास की."

"आणि नंतर? नंतर तरी?"

"नंतर तू स्पीकरच फेकून दिलास. मला वाटलं, माझीच खळ सुटली. माझं काम कच्चं निघालं, हे तुला सांगायचं? त्यापेक्षा ब्लेडचा आळ परवडला."

दादा हसले नाहीत. उठायला त्यांनी भावजींचा खांदा धरला आणि म्हणाले, "चल वर. दुसरी गिटार नाही घरात, पण बाजूला बस. डावीकडे बस, तिकडून ऐकू येतं."

पुढे डावा कानही गेला. आता जेवताना वहिनींचं काम सुटलंय, पण भावजींचं "दादाऽऽ, मीठ!" कोपऱ्यावरच्या न्हाव्याला रोज ऐकू येतं. दादा अजून वाजवतात. एक तळवा अधूनमधून अ‍ॅम्प्लिफायरवर ठेवून खरखर लागतेय ना ते बघतात, आणि भावजी मान हलवतात.

गल्लीला ही हकीकत फारशी रुचली नाही. शिंपीणबाईच्या मते उंदीर ही दोघांनी मिळून रचलेली कथा आहे, कात्री अजून हवेत तशीच फिरते.

दादांच्या स्पीकरवर ब्लेड कुणीही चालवलं नव्हतं. भावजींनी कडेला खळ लावली होती आणि ती उंदराने खाल्ली.