रेणुकाची मुलाखत

सोलापूर स्टेशनवर पुण्याची गाडी लागली तेव्हा मला सोडायला दोघी आल्या होत्या, आई आणि रेणुका. नाटकाच्या कोर्ससाठी आम्हा दोघी मैत्रिणींची निवड झाली होती. पण त्याच महिन्यात तिच्या वडिलांना सोलापुरातल्याच भवानी पेठेत यंत्रमागावर उभे असताना अर्धांगवायूचा झटका आला. "तू हो पुढं, मी येते मागनं," रेणुका खिडकीशी म्हणाली. आई एवढंच म्हणाली, "तितं पोचलीस की फोन कर." गाडी हलली. खरं सांगते, मला रेणुकाची दया आली, आणि दया येण्यात एक सुखही होतं.

हे तुम्हाला लिहिते आहे, तिथं राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनाही, कारण पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

पुण्यात पहिल्या दोन वर्षांत मी जिभेवरचं सोलापूर घासून काढलं. 'हाय'चं 'आहे' झालं, 'न्हाय'चं 'नाही'. तरी भूमिका मिळाल्या त्या शेजारणीच्या नाहीतर नर्सच्या. मग त्याही थांबल्या, आणि मी एका वेब चॅनेलसाठी कलावंतांच्या मुलाखती घ्यायला लागले. नवं नाटक, नवा अल्बम, नवा सिनेमा. "या नव्या कामाची सुरुवात कशी झाली?" हे मी झोपेतही विचारू शकते. आईला वाटायचं, मी टीव्हीवर काम करते. मीही तिचा तो समज कधी दूर केला नाही.

यंदा संपादकांनी पुढच्या मुलाखतीसाठी नाव पाठवलं, ते रेणुकाचं. सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ती शिलाईला होती. तिथल्याच पाच बायकांना घेऊन तिनं स्वतः लिहिलेलं नाटक बसवलं होतं आणि त्याचा प्रयोग पुण्यात होता. मी तिसऱ्या रांगेत बसून दीड तास नुसत्या चुका शोधल्या. लाइट उशिरा आला की बरं वाटायचं. शेवटाकडे एक बाई पुढं येऊन म्हणाली, "आमी काय मशीन हाय व्हय?" आणि थिएटर उभं राहिलं. ज्या बोलीची मला लाज वाटली, तिच्यासाठी पुण्याची माणसं टाळ्या वाजवत होती. माझा नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर मी मुद्दाम विचारलं, "ही भाषा इथल्या प्रेक्षकांना कळेल, असं वाटलं होतं?"

"तुला कळली का?"

"हो."

"मग झालं की."

मी आणखी टोचलं. "तेव्हा सोलापुरातून बाहेर पडता आलं नाही, याचं वाईट वाटतं?"

"लई वाटायचं. तुझ्या समद्या मुलाखती बघायची मी. पाहुण्याकडं ध्यानच नसायचं. तुझ्याकडं बघायची आणि जळायची."

एडिटिंगच्या वेळी तेवढं उत्तर मी काढून टाकलं. मुलाखत चॅनेलवर आली त्याच दुपारी तिचा फोन.

"शैले, जळायचं ते का काडलंस?"

"वेळेत बसत नव्हतं."

"खोटं."

मग माझ्या तोंडून निघूनच गेलं, "कारण आता मी जळतेय, रेणुके. तू काम करतेस, मी नुसती विचारते."

वाटलं, हसेल. ती हसली नाही. "मग ये की हिकडं. आमच्यातली एक बाळंतपणाला गेलीय. चार वाक्यं हायत तिची."

मी सोलापूरला गेले. तालीम एका शाळेच्या हॉलमध्ये होती. "ही कोण?" एका बाईनं विचारलं. "नवीन बाई हाय," रेणुका म्हणाली, आणि माझी ओळख तेवढ्यावरच संपली. माझ्याच गावात. तिनं माझ्याकडून ती चार वाक्यं सगळ्यांदेखत पुन्हा पुन्हा म्हणून घेतली. मला राग आला, रडूही आलं. मग कधीतरी तिनं मान हलवली.

सोलापुरातला प्रयोग झाला. लोकांनी रेणुकाला गराडा घातला. मी विंगेत उभी राहून तिच्याभोवतीची माणसंही मोजली. हेवा गेला वगैरे काही नाही.

पुण्यात माझ्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत, शेजार चांगला आहे, आणि तिथल्या कुणाचाच मला हेवा वाटत नाही. सोलापुरातल्यांचा वाटतो. घर कुठलं, हे मला आता त्यावरून कळतं.

शनिवारी सोलापूरजवळ मोहोळला प्रयोग आहे. ऑफिसात रजेचा अर्ज देऊन आलेय.