गोदाकाकू होडीतून उतरल्या

धामणगाव बढ्याच्या आमच्या गल्लीत गोदाकाकू कुणाकडेही गेल्या, तरी बैठकीत टेकायच्या नाहीत. थेट स्वयंपाकघरात जायच्या, घरच्या बाईला भेटायच्या आणि मगच पाणी घ्यायच्या. "बाईचं तोंड पाह्यलं का घर समजते, मास्तर," असं मला म्हणायच्या. नवरा गेल्यावर वांगी-मिरच्यांचा मळा त्यांनी एकटीनं सांभाळला, आणि एकुलत्या एका कमलचं लग्नही केलं.

जावई मूळचा कोकणातला, आमच्या तालुक्यात सरकारी नोकरीला होता. महाराष्ट्र नवा होता. इकडची माणसं तिकडे जात-येत होती. लग्नानंतर त्याची बदली त्याच्या गावाकडे झाली आणि कमलचं माहेर तुटलं. लेकींनी माहेरी यायच्या अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सणाला दोन वर्षं पोर आली नाही. शेवटी काकू निघाल्या. सोबतीला शेजारी म्हणून मी.

तिथं स्वागत झकास झालं. कमल मात्र वाळून गेली होती. आईशी बोलायला लागली की सासू मध्ये येऊन बसायची. सकाळी जावई म्हणाला, "आई, चला, होडीतून आमचा किनारा दाखवतो." कमल? तिला स्वयंपाक होता.

मीही होडीत बसलो. हस्ताचा पाऊस भुरभुरत होता. काळ्या कड्यांवरून पांढरे ओहोळ समुद्रात उड्या घेत होते. खरंच देखणं होतं. जावई बोट करकरून दाखवत होता.

"कमलले दाखवलं का हे कवा?" काकूंनी विचारलं.

तो हसला. "तिला कुठला वेळ, आई!"

होडी एका टोकाला वळसा घालून पलीकडे आली. खडकांवर एक बाई पावसासाठी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, वाकून कोयत्यानं खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढत होती. लाटा तिच्या पिंढऱ्यांवर फुटत होत्या.

"वहिनीच त्या," होडीवाला म्हणाला. "रोज असतात. तापात पण."

काकू ताडकन उभ्या राहिल्या. "समुद्र काय दाखवून राह्यले मले? ते माही लेक हाय! होडी लाव!"

"आई, गाव बघतंय. लोक काय म्हणतील?"

"लोकाइले मी सांगतो काय म्हनाचं ते!"

होडीवाल्यानं जावयाकडे बघितलंसुद्धा नाही. होडी किनाऱ्याला लागायच्या आतच काकू कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. जन्मात विहिरीपलीकडे पाणी न पाहिलेली ती बाई! त्यांनी लेकीचे शिंपल्यांनी चिरलेले हात धरले. "चाल बाई." एवढंच म्हणाल्या.

नेसत्या ओल्या लुगड्यानिशी दोघी माझ्याबरोबर एस्टीत चढल्या. कमल परत गेली नाही. पुढे मळा तिनंच वाढवला. गावानं मात्र काकूंना वर्षानुवर्षं बोल लावले. जावयाला कुणी एका शब्दानं विचारलं नाही, याची चीड मला आजही येते.

काकू गेल्या, तेव्हा भेटायला आलेले एक पाहुणे सुस्कारा टाकून म्हणाले, "बाई जिद्दीची, पन लेकीचा संसार मोडला."

कमल त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, त्या दिवशी खडकावर भरती चढून राह्यली होती. माय पान्यात उतरली. तुमच्यातलं कोन उतरलं होतं?"