देवाला गेलेली फुलं

आई गेली ती माझ्या बायकोवर रुसून. त्या रुसव्याचं कारण मी होतो. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मुलुंडच्या आमच्या गॅलरीत आईची जास्वंद आहे. लाल, पाच पाकळ्यांची. उन्हाळाभर आई तिचं सरबत करायची. देठ आणि मधला दांडा काढून पाकळ्यांवर उकळतं पाणी ओतायचं. पाणी जांभळं, मळकट होतं. गार झालं की खडीसाखर, बर्फ, आणि सगळ्यात शेवटी लिंबू. लिंबू पडलं की ग्लास भडक लाल. तेवढं बघायला ती आम्हाला हाका मारायची.

मागच्या उन्हाळ्यात तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी चहा, आमटी सगळं धरून दिवसाला एक लिटर पाणी ठरवून दिलं.

"झिला, वायच सरबत दी मा," ती तिच्या मालवणीत थोडंसंच मागायची.

अर्धा कप त्या लिटरात बसला असता. पण अर्ध्यावर ती थांबली नसती, रडली असती, आणि मला ते रडणं नको होतं. म्हणालो, "फुलंच नाहीत गं. हिने सगळी गणपतीला वाहिली."

आईने स्वयंपाकघराकडे तोंड करून ऐकवलं, "देवाक धा फुलां, माका एक नाय! चालू दे, आता सुनेचां राज्य."

माझं बोलणं बायकोने ऐकलं नव्हतं, आणि थोडी फुलं ती रोज देवाला वाहायचीच. दुसऱ्या दिवसापासून तिने देवाला तगर वाहिली, जास्वंद झाडावरच ठेवली. माझं खोटं उघडं पडणार होतं. मग मीच पहाटे उठून सगळी फुलं खुडायला लागलो आणि गणपतीपुढे ठेवायला लागलो. पलंगावरून आईला देव्हारा दिसायचा.

"तू आणि पूजा? वाट लागली देवाची," बायको हसली. तिला वाटलं, आईसाठी नवस बोललोय. नवसातलं फूल कसं मागायचं, म्हणून तिने एकही मागितलं नाही.

शेवटचे बारा दिवस आईने सुनेच्या हातचं काही घेतलं नाही.

यंदाही झाड फुललंय. सरबतात लिंबू पिळलं की आतल्या खोलीतून आईचं "इलो रे रंग?" ऐकू येतं. खोलीत कोणी नसतं, तरी मी जाऊन बघतो. बायको पहिला ग्लास फोटोपुढे ठेवते आणि दरवेळी म्हणते, "दोन फुलं मी बाजूला काढायला हवी होती ना रे?" मी चमच्याने बर्फ हलवत राहतो.

फुलं होती, खोटं मी बोललो, तिचा काही दोष नव्हता. एवढं तिला समोर बसवून सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.